खांदेदुखी : दुखणे एक, कारणे अनेक

मराठी भाषेने खांद्याला मोठा मान दिलेला आहे. आपण खांद्याला खांदा लावून काम करतो, कुटुंबाची जबाबदारी खांद्यावर घेतो आणि अखेरच्या प्रवासात आप्तांना खांदा देतो. बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी आपल्या बैलांचे खांदे हळद व तूप लावून मळतो, शेकतो. वर्षभर जू वाहिलेल्या अवयवाविषयी व्यक्त केलेली ती कृतज्ञताच असते. स्वतःच्या खांद्याची दखल मात्र आपण तो दुखू लागेपर्यंत घेत नाही, आणि दुखू लागल्यावरही शेजाऱ्यांच्या सल्ल्यावरच बरेच दिवस काढतो.

प्रस्तुत लेखक वैद्यक नाही. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर विद्यार्थी आणि बँकेतील एक अधिकारी, एवढीच त्याची ओळख. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, याचे कारण गेल्या तीन वर्षांत माझ्या हातून झालेल्या दोन चुका. पहिल्या चुकीचा त्रास माझ्या आईला झाला, दुसरीचा माझ्या सहकाऱ्यांना.

आई सातारा जिल्ह्यातून आमच्याकडे गाझियाबादला राहावयास आली, त्या वर्षीच्या दिवाळीनंतर तिचा उजवा खांदा दुखू लागला. दिल्लीच्या थंडीचे हे दुखणे आहे, असे आम्ही ठरवून टाकले. तेल गरम करून चोळले, रुमालाची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि 'आई, हात अजिबात हलवू नकोस', असे मी तिला रोज बजावीत राहिलो. फेब्रुवारी उजाडेपर्यंत तिला स्वतःची वेणी घालता येईनाशी झाली. पाठीवरून पदर पुढे घेण्यासाठी ती नातीला हाक मारू लागली. अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न खांद्याविषयी विचारलाच नाही. 'आईंची रक्तशर्करा कधी तपासली होती ?' असे त्यांनी विचारले. ती कधीच तपासलेली नव्हती. निदान दोन निघाले : गोठलेला खांदा आणि मधुमेह. ज्या खांद्याला हालचालीची गरज होती, तो मी तीन महिने बांधून ठेवला होता.

पुढील वर्षी पावसाळ्यात आमच्या शाखेतील रोखपाल स्कूटरवरून घसरून हातावर पडले. वय बावन्न. क्ष-किरण चित्रात हाड मोडलेले दिसले नाही, म्हणून सर्वांनाच हायसे वाटले. परंतु त्यांचा हात वर जाईना. मी मोठ्या आत्मविश्वासाने त्यांना सांगितले, 'हा फ्रोझन शोल्डर आहे, माझ्या आईला झाला होता तोच.' आणि आईचे सारे व्यायाम त्यांना शिकविले. तीन महिन्यांनंतर एमआरआय तपासणीत आढळले की, त्यांच्या खांद्यातील एक कंडरा पूर्णपणे तुटून आत मागे सरकली होती. हीच शस्त्रक्रिया आरंभी अधिक सोपी झाली असती, असे शल्यचिकित्सकांनी सांगितले.

जिला हालचाल हवी होती तिला मी विश्रांती दिली आणि ज्यांना तातडीची तपासणी हवी होती त्यांना व्यायाम दिला. दोघांचीही तक्रार मात्र एकच होती : 'खांदा दुखतो, हात वर जात नाही.' खांदेदुखी हे आजाराचे नाव नसून ते केवळ लक्षण आहे, हा धडा मला येथे मिळाला. वाचकांना तो कमी किमतीत मिळावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सांध्याची रचना

खांदा हा उखळीचा सांधा आहे, असे आपण शाळेत शिकलो. परंतु खुब्याच्या सांध्यात उखळ खोल असते, तर खांद्यात ती जवळजवळ नसतेच. दंडाच्या हाडाचा वरचा गोल भाग हा चेंडू, आणि पाठीवरील खवाट्याच्या हाडाचा उथळ खळगा ही त्याची बैठक. ही बैठक चेंडूच्या मानाने फारच लहान असते. पणतीवर मोठा चेंडू तोलून ठेवावा, तशी ही रचना आहे. गळ्याखालचे आडवे हाड, ज्याला आपण कॉलर बोन म्हणतो, ते या रचनेला छातीशी जोडते.

या उथळपणामुळेच खांदा शरीरातील सर्वांत अधिक फिरणारा सांधा ठरला आहे. त्याच्या बळावर आपण पाठ खाजवितो, फळीवरचा डबा काढतो, चेंडू फेकतो आणि नमस्कारही करतो. तथापि या स्वातंत्र्याची किंमत अस्थिरतेच्या रूपाने मोजावी लागते. चेंडू जागेवर राखण्याचे काम हाडांऐवजी मऊ ऊतींकडे आलेले आहे. त्यांतील दोन गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, सांध्याभोवतीचे पिशवीसारखे आवरण. त्याला आपण संपुट म्हणू. निरोगी अवस्थेत ते सैल असते, म्हणूनच हात सर्व दिशांना फिरतो. दुसरी, 'रोटेटर कफ' या नावाने ओळखला जाणारा चार स्नायूंचा समूह : सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. खवाट्यापासून निघालेल्या या स्नायूंच्या कंडरा दंडाच्या हाडाच्या टोकाला बाहीच्या पट्टीप्रमाणे वेढतात आणि चेंडूला बैठकीवर दाबून धरतात.

खांद्याचे बहुतेक सर्वसाधारण विकार या दोहोंच्या बिघाडातून उद्भवतात. संपुट आक्रसले तर खांदा गोठतो. कंडरा सुजली अथवा फाटली तर हात उचलण्याची शक्ती जाते. आणि चेंडू बैठकीवरून घसरला तर खांदा निखळतो.

गोठलेला खांदा

बोस्टन येथील शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 साली या विकाराला 'फ्रोझन शोल्डर' हे नाव दिले. प्रामुख्याने चाळीस ते साठ या वयोगटात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. संपुटाला प्रथम दाह होतो, नंतर ते जाड होऊन आक्रसते. पुष्कळदा कोणतीही दुखापत झालेली नसताना हे घडते.

या विकाराच्या तीन अवस्था मानल्या जातात. पहिल्या अवस्थेत वेदना प्रबळ असतात. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, झोपमोड होते. काही आठवडे ते नऊ महिन्यांपर्यंत ही अवस्था चालते. दुसऱ्या अवस्थेत वेदना ओसरतात, मात्र ताठरपणा कायम राहतो. ही अवस्था साधारणतः चार ते बारा महिन्यांची. तिसऱ्या अवस्थेत खांदा हळूहळू मोकळा होऊ लागतो, आणि त्यास आणखी काही महिने अथवा दोन वर्षेही लागू शकतात. हा आजार बहुतांश रुग्णांत बरा होतो, परंतु तो आपल्याच गतीने बरा होतो. काही रुग्णांत थोडा ताठरपणा कायमही राहतो.

येथे मधुमेहाचा विचार अपरिहार्य ठरतो. सर्वसाधारण लोकसंख्येत शंभरांपैकी दोन ते पाच व्यक्तींना केव्हा ना केव्हा हा त्रास होतो असे मानले जाते. मधुमेही व्यक्तींमध्ये हे प्रमाण दहा ते वीस इतके सांगितले जाते. रक्तातील अतिरिक्त शर्करा संपुटातील प्रथिनांशी जोडली जाऊन ते अधिक ताठ करते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. थायरॉइडच्या विकारांतही गोठलेला खांदा अधिक दिसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10.1 कोटी व्यक्तींना मधुमेह आहे. त्यांतील कितीतरी जणांना त्याची कल्पनाही नसते. माझ्या आईप्रमाणे एखाद्याचा खांदाच ती पहिली सूचना देऊन जातो. म्हणूनच चाळिशीनंतर विनाकारण खांदा आखडला, तर रक्तशर्करा आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी ही तपासणी अवश्य करून घ्यावी. या तपासणीचा आकडा 6.5 टक्के अथवा अधिक आल्यास मधुमेहाची शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते. आईचा आकडा नऊच्या पुढे होता.

रोटेटर कफचे विकार

हात डोक्याच्या पातळीवर वारंवार उचलावा लागणाऱ्या व्यक्तींना या विकारांचा धोका अधिक असतो : रंगारी, गवंडी, सुतार, जलतरणपटू, गोलंदाज. वयाबरोबर कंडरांची झीजही होतच असते. आरंभी केवळ दाह असतो. हात बाजूने वर नेताना साठ ते एकशेवीस अंशांच्या टप्प्यात कळ येते आणि त्यापुढे ती कमी होते, हे त्याचे परिचित लक्षण. अशा वेळी काही आठवड्यांची मापात विश्रांती, वेदनाशामक उपाय आणि मुख्यतः स्नायू बळकट करणारे व्यायाम यांनीच बहुतेकांना गुण येतो.

कंडरा फाटणे ही पुढची पायरी आहे. येथे दोन प्रकारांतील फरक महत्त्वाचा आहे. साठीनंतर एमआरआय काढल्यास कितीतरी निरोगी, न दुखणाऱ्या खांद्यांतही लहानमोठी फाट आढळते. तेव्हा अहवालात 'टेअर' हा शब्द दिसताच शस्त्रक्रियेची धास्ती घेण्याचे कारण नाही. झिजेमुळे पडलेल्या अशा फाटीवर प्रथम व्यायामाचाच उपाय योजला जातो. याउलट, पडल्यानंतर वा जोराचा हिसका बसल्यानंतर काल वर जाणारा हात आज अचानक वर जाईनासा झाला, तर ती बाब निकडीची समजावी. तुटलेली कंडरा कालांतराने मागे खेचली जाते, तिचा स्नायू सुकू लागतो आणि त्यात चरबी साठते. मग ती पुन्हा हाडाशी जोडणे कठीण होते. आमच्या रोखपालांच्या बाबतीत नेमके हेच झाले. अशा प्रसंगी क्ष-किरण चित्र निर्दोष आहे एवढ्यावर समाधान मानू नये, कारण त्यात हाड दिसते, कंडरा दिसत नाही. ती पाहण्यासाठी सोनोग्राफी अथवा एमआरआय लागतो.

खांदा आणि क्रिकेट यांचा संबंध आपण वृत्तपत्रांतून वाचलेला आहेच. सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर मार्च 2006 मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या वेस्ट इंडीज दौऱ्याला ते मुकले आणि सप्टेंबर 2006 मध्ये क्वालालंपूर येथे वेस्ट इंडीजविरुद्धच नाबाद 141 धावा करून परतले. दिल्लीच्या वीरेंद्र सेहवाग यांच्या खांद्यावर 2011 मध्ये, विश्वचषक स्पर्धा आटोपल्यावर शस्त्रक्रिया झाली. ऑगस्टमध्ये एजबॅस्टनच्या कसोटीत ते परतले आणि दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर बाद झाले. एका अपयशाचे खापर खांद्यावर फोडणे योग्य होणार नाही. परंतु उत्तमोत्तम वैद्यकीय साहाय्य लाभलेल्या खेळाडूंनाही खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतण्यास काही महिने लागतात, एवढे यावरून ध्यानात यावे. आपण तर 'पंधरा दिवसांत बरा व्हायला हवा' या हिशोबाने डॉक्टर बदलीत असतो.

निखळलेला खांदा

शरीरातील मोठ्या सांध्यांपैकी सर्वाधिक वेळा निखळतो तो खांदा. बहुतेक वेळा चेंडू पुढच्या बाजूस सरकतो. 23 मार्च 2021 रोजी पुण्याजवळील गहुंजे येथे इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात चेंडू अडविताना श्रेयस अय्यर यांचा डावा खांदा असाच जागेवरून सरकला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. ते तेव्हा दिल्लीच्या आयपीएल संघाचे कर्णधार होते. त्या मोसमाच्या पूर्वार्धाला त्यांना मुकावे लागले आणि संघाचे नेतृत्व ऋषभ पंत यांच्याकडे गेले. खांद्यामुळे झालेला हा अक्षरशः खांदेपालटच म्हणावयाचा !

निखळलेला खांदा ओळखणे सहसा कठीण नसते. खांद्याची गोलाई नाहीशी होऊन तो चौकोनी दिसतो, तीव्र वेदना होतात आणि रुग्ण दुसऱ्या हाताने तो हात सावरून धरतो. अशा वेळी हात आहे त्या स्थितीत आधार देऊन रुग्णालय गाठावे. गावाकडे हाडवैद्य आणि दिल्लीत पहिलवान ओढून सांधा बसवून देतात, हे खरे. तथापि सोबत हाड मोडलेले असेल किंवा काखेजवळील नस दबलेली असेल, तर त्या ओढण्याने कायमची हानी संभवते. म्हणून आधी क्ष-किरण चित्र, नंतर योग्य ती भूल अथवा वेदनाशामक देऊन सांधा बसविणे, हाच क्रम सुरक्षित आहे. अपस्माराचा झटका किंवा विजेचा धक्का यानंतर खांदा क्वचित मागच्या बाजूस निखळतो आणि ते साध्या चित्रात सहज निसटते, हेही ठाऊक असावे.

पहिल्यांदा खांदा निखळला तेव्हा वय जितके कमी, तितकी तो पुन्हा निखळण्याची शक्यता अधिक. विशीतील खेळाडूचा खांदा वारंवार निखळू लागला, तर फाटलेल्या ऊतींची शस्त्रक्रियेने दुरुस्ती करावी लागते. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात 2010 साली, म्हणजे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वर्षी, क्रीडा दुखापत केंद्र सुरू झाले. अशा दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रिया सरकारी व्यवस्थेतही उपलब्ध आहेत, हे त्यावरून दिसून येते.

दुखणे खांद्यात, मूळ अन्यत्र

काही वेळा खांदा निर्दोष असतो आणि दुखण्याचे मूळ दुसरीकडेच असते. मानेच्या मणक्यांमधील नस दबल्यास वेदना खांद्यावरून हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात. मान वळविल्यावर दुखणे वाढत असेल, तर मानेची तपासणी आवश्यक ठरते. पित्ताशयातील खड्यांचे दुखणे उजव्या खांद्यात जाणवू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, छातीवर दडपण, घाम, धाप किंवा मळमळ यांसह डावा खांदा वा हात दुखू लागला, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी बाम चोळीत बसू नये, तत्काळ रुग्णालयात जावे.

खांद्याच्या दुखण्यासोबत ताप, सूज व लाली असेल, वजन घटत असेल, संध्याकाळी अंगात कणकण येत असेल, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर सांध्यातील जंतुसंसर्ग, क्षयरोग अथवा गाठ यांची शक्यता तपासणे आवश्यक असते. आपल्या देशात क्षयरोग हाडे आणि सांधे यांनाही ग्रासतो, याचा विसर पडू नये.

दोन साधी निरीक्षणे

गोठलेला खांदा आणि फाटलेली कंडरा यांतील फरक तज्ज्ञ कसा ओळखतात, असे मी आईच्या डॉक्टरांना विचारले होते. त्यांनी दिलेले उत्तर मला त्या वेळी नीट कळले असते, तर दुसरी चूक टळली असती.

पहिले निरीक्षण असे. रुग्णाला स्वतःहून हात उचलण्यास सांगावे. नंतर त्याने हात सैल सोडावा आणि दुसऱ्याने तो हळुवारपणे उचलून पाहावा. स्वतःहून हात वर जात नाही, पण दुसऱ्याने उचलल्यास जातो, असे दिसले तर बिघाड बहुधा कंडरेत अथवा स्नायूत असतो. दोर तुटला आहे, पण दार मोकळे आहे. दोन्ही रीतींनी हात एकाच ठिकाणी अडत असेल, तर दारच घट्ट बसले आहे, म्हणजे दोष सांध्यात वा संपुटात आहे.

दुसरे निरीक्षण : कोपर कमरेला टेकवून काटकोनात वाकवावे आणि पंजा बाहेरच्या बाजूस फिरवावा. गोठलेल्या खांद्यात हीच हालचाल विशेषत्वाने कमी झालेली असते. तथापि सांध्याची झीज किंवा मागे निखळलेला खांदा यांतही ती अडते. म्हणून क्ष-किरण चित्र काढण्यात कंटाळा करू नये.

ही निरीक्षणे निदानासाठी नव्हेत. डॉक्टरांना नेमके काय सांगावे हे कळण्यासाठी आहेत. दुखापतीनंतर लगेच तर त्यांचा प्रयोगही करू नये. दुखणे केव्हा सुरू झाले, पडझड झाली होती का, रात्री झोप लागते का, मधुमेह वा थायरॉइड आहे का, आणि कोणती कामे अडतात, या पाच प्रश्नांची उत्तरे लिहून नेली तर तपासणीची ती थोडकी मिनिटे सत्कारणी लागतात.

उपचारांविषयी

गोठलेल्या खांद्यावर शस्त्रक्रिया हवी का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. ब्रिटनमधील 35 रुग्णालयांतील 503 रुग्णांचा एक अभ्यास 2020 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात तीन उपचारांची तुलना केली होती : स्टिरॉइडच्या इंजेक्शनासह पद्धतशीर फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणे आणि दुर्बिणीद्वारे संपुट सैल करणे. वर्षाअखेरीस तिन्ही गटांतील रुग्णांची स्थिती बरीच सुधारली होती आणि एकही उपचार इतरांपेक्षा निर्णायकरीत्या सरस ठरला नाही. साधा मार्ग आधी का अनुसरावा, याचे हे सबळ कारण आहे. तसेच, खांद्यातील हाडाचा अडसर घासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया एके काळी फार प्रचलित होती. ती केवळ दुर्बीण घालून पाहण्यापेक्षा विशेष गुणकारी नाही, असे ब्रिटनमध्येच झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास 'ती न केल्यास काय होईल ?' हा प्रश्न नम्रपणे अवश्य विचारावा.

मधुमेही रुग्णाने स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतल्यास काही दिवस रक्तशर्करा वाढू शकते. त्या काळात ती अधिक वेळा तपासावी. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना दीर्घकाळ घेऊ नयेत. जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर त्यांचा विपरीत परिणाम होतो.

निदान निश्चित झाल्यावर गोठलेल्या खांद्यासाठी पुढील व्यायाम सामान्यतः सांगितले जातात. पहिला, लोलकाचा : निरोगी हात टेबलावर टेकून पुढे वाकावे आणि दुखरा हात सैल सोडून घड्याळाच्या लोलकासारखा हळूहळू झुलवावा. हा व्यायाम कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. दुसरा, भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढणे. तिसरा, पाठीमागे टॉवेल दोन्ही हातांत धरून वरच्या हाताने खालचा हात ओढणे. चौथा, कोपर कमरेशी ठेवून काठीच्या साहाय्याने पंजा बाहेर ढकलणे. आधी दहा मिनिटे शेक घेतल्यास स्नायू सैल होतात. व्यायाम करताना ताण जाणवावा, पण नंतर दीर्घकाळ ठणका राहू नये. राहिलाच तर मात्रा कमी करावी. पहिल्या, वेदनाप्रधान अवस्थेत जबरदस्तीने हात ओढल्यास दाह वाढतो, हे घरच्यांनीही ध्यानात ठेवावे.

या व्यायामांचे स्वरूप आपल्या आवर्ती ठेवीसारखे आहे. रविवारी एकदम तासभर करून उपयोग नाही. दिवसातून तीनदा पाच-दहा मिनिटे, न चुकता, महिनोन्‌महिने. हप्ता चुकला तर मुदत लांबते. आईने वेळापत्रक देव्हाऱ्याशेजारी चिकटविले होते. सकाळची पूजा झाली की भिंत चढायची, असा तिचा नेम होता. भिंतीवर पेन्सिलीने ती रोज खूण करी. पहिल्या महिन्यात ती खूण चार बोटेच वर सरकली आणि ती निराश झाली. मग मी तिला पासबुकातील नोंदी दाखवून म्हणालो, 'आई, हेही असेच साठत जाते.' ती हसली, पण तिने नेम सोडला नाही.

कार्यालयात आणि घरी

बँकेच्या कामात खांद्यावर अवचित ताण देणाऱ्या कितीतरी जागा आहेत. संगणकाचा माउस फार दूर असल्यास हात तासन्‌तास पुढे ताणलेला राहतो. तो कीबोर्डालगत असावा आणि कोपराला आधार मिळावा. नाण्यांच्या पिशव्या व जड खातेवह्या खांद्याच्या वरच्या फळीवर ठेवू नयेत. ग्राहकांनाही एक सूचना करावीशी वाटते. लॉकरच्या वरच्या ओळीतील डबा जड असतो. खांदा दुखत असेल तर तो एका हाताने हिसकून काढू नये. स्टूल घ्यावे, आणि सोबत घरचे माणूस आणलेले बरे. मेट्रोतील प्रवासात पाठपिशवी एकाच खांद्यावर अडकविण्याऐवजी दोन्ही खांद्यांवर घ्यावी. अर्ध्या-पाऊण तासाने खुर्चीतून उठून खांदे मागे फिरवावेत.

वैद्यकीय विमा असलेल्या वाचकांनी आपल्या पॉलिसीच्या अटीही पाहून ठेवाव्यात. पुष्कळ पॉलिसींमध्ये रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च मिळतो. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या फिजिओथेरपीचा खर्च मात्र स्वतःच करावा लागतो. गोठलेल्या खांद्याचा उपचार दीर्घ मुदतीचा असल्याने त्याची तरतूद आधीच केलेली बरी. व्यायाम एकदा नीट शिकून घेऊन घरी करणे हाही काटकसरीचा आणि मान्य मार्ग आहे.

समारोप

आईचा खांदा मोकळा व्हावयास सुमारे सव्वा वर्ष लागले. आता ती स्वतःची वेणी घालते. उजवा हात पाठीमागे डाव्याइतका पोहोचत नाही, तो बहुधा तसाच राहील. मधुमेह मात्र आटोक्यात आहे, आणि 'खांदा दुखला म्हणून साखर कळली', असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. आमचे रोखपाल शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे हात झोळीत ठेवून होते. नंतर सहा-सात महिने त्यांनी व्यायाम केले. ते पुन्हा काउंटरवर बसतात, परंतु डोक्यावरच्या फळीवरील वस्तू काढण्यासाठी शिपायाला बोलावतात. मी क्षमा मागितली तेव्हा ते म्हणाले, 'साहेब, तुम्ही चांगल्याच मनाने सांगितले होते.' ते खरे आहे. परंतु चांगल्या मनाने दिलेला चुकीचा सल्लाही चुकीचाच ठरतो.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. आपल्या घरात कोणाचा खांदा दुखू लागला, तर स्वतःचा वा शेजाऱ्याचा अनुभव त्याच्यावर लादू नका. पडल्यानंतर हात उचलता येत नसेल, तर त्याच आठवड्यात तज्ज्ञांना दाखवा. विनाकारण खांदा आखडत असेल, तर साखर तपासा. निदान आधी होऊ द्या, मग विश्रांती की व्यायाम हे ठरवा. बैलाच्या खांद्यावर हळद-तुपाचा हात फिरविण्यापूर्वी शेतकरीसुद्धा तो नीट निरखून पाहतो, जखम तर नाही ना याची खात्री करून घेतो. आपल्या माणसांच्या खांद्याच्या बाबतीत आपणही तेवढे करावयास हवे.